चैत्रातील फुलबाग : हदगावच्या एका परसात

नांदेडहून निघालेला महामार्ग अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे टाकतो, वारंगा फाट्यावरून हदगावला येतो आणि पुढे पैनगंगा ओलांडून उमरखेडला, म्हणजे विदर्भात शिरतो. १९४८ पर्यंत नदीच्या अलीकडचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पलीकडे वऱ्हाड होते. त्या काळी पैनगंगा ओलांडणे म्हणजे राजवट ओलांडणे होते. दोन मुलखांच्या उंबरठ्यावर पेठ वाढते आणि पेठेच्या मागोमाग कापूस, तूर, हळद, कापड, किराणा यांचा व्यापार करणारी घराणीही येतात. मराठवाड्यातील अशा पेठांत मारवाडातून आलेली ओसवाल कुटुंबे आहेत, तशीच पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी सैतवाळ कुटुंबेही आहेत.

या कुटुंबांच्या जुन्या घरांची ठेवण बहुधा सारखी असते. रस्त्याला लागून दुकान, त्यामागे ओसरी आणि माजघर, त्याहीमागे परस. घराची रुंदी कमी आणि खोली फार. रस्त्यावरून जाणाऱ्याला दुकानाची पाटी दिसते. परस फक्त घरच्या माणसांना आणि जवळच्या शेजाऱ्यांना ठाऊक असते. अशाच एका परसातील ही फुलबाग आहे. लांबी साठ फुटांच्या आत, रुंदी तीस फूट, एका कोपऱ्यात जुना आड, मागच्या दारापाशी कडुनिंब. बागेचा कारभार घरातील आजींकडे आहे. कोठीच्या किल्ल्या त्यांनी सुनेच्या हाती केव्हाच दिल्या. पाण्याची झारी मात्र अजून कोणाला दिलेली नाही.

व्यापारी घरात मार्चअखेरीचे दिवस धावपळीचे असतात. ३१ मार्चला माल मोजला जातो, येणे-देणे जुळवले जाते आणि १ एप्रिलपासून नवे वर्ष सुरू होते. परसातले नवे वर्षही याच सुमारास सुरू होते. गुलाबी थंडी संपलेली असते, शेवंती आणि झेंडूचे वाफे वाळून मोकळे झालेले असतात आणि मृग नक्षत्राचा पाऊस अद्याप दूर असतो. १ एप्रिल ते ७ जून हे ६८ दिवस बागेच्या कसोटीचे आहेत. विशेष हे की बागेतील सर्वांत सुगंधी फुले याच दिवसांत उमलतात. ते कसे घडते, हे पाहायचे तर सकाळी साडेसहाच्या सुमारास परसाचे दार उघडावे आणि सावकाश एक फेरी मारावी.

पांढरीतील माती

दार उघडताच प्रथम जाणवतो तो कडुनिंबाचा मोहोर. पाडव्याला ज्याची डहाळी गुढीला बांधली, तोच निंब आता बारीक पांढऱ्या फुलांनी भरलेला असतो. निंबाचे पान कडू, परंतु त्याच्या मोहोराचा वास गोड आणि हलका असतो. खालच्या फरशीवर फुलांचा इतका सडा पडतो की सकाळी झाडलेली जागा दुपारपर्यंत पुन्हा पांढरी होते.

बागेची माती मात्र सोपी नाही. मराठवाड्यात शिवाराला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. काळी माती पाणी धरून ठेवते, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या आणि पुन्हा बांधलेल्या भिंतींची माती. तिच्यात चुना अधिक असतो आणि ओल फार वेळ टिकत नाही. आजींच्या बागेत या दोन्ही मातींचा मेळ घातलेला आहे: शेतातून आणलेली काळी, परसातली पांढरी, थोडी वाळू आणि भरपूर कुजलेले शेणखत. चुनखडीच्या मातीत काही झाडांना लोह घेता येत नाही. पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. कोपऱ्यातील अनंताची पाने पाहिली की हा दोष लगेच कळतो. त्यात बोअरचे जड पाणी मिळाले की तो अधिक वाढतो. कुंड्यांच्या कडांवर साचलेली पांढरी क्षारांची रेघ त्याच पाण्याची साक्ष देते. म्हणून अनंताला शक्यतो साठवलेले पावसाचे पाणी मिळते, तेही मोजून. त्याची फुले ज्येष्ठ उजाडल्यावर येतील. चैत्रात त्याच्याकडून केवळ टिकून राहण्याची अपेक्षा असते.

मोगऱ्याचा ताण

निंबाच्या पुढे, पूर्वेच्या भिंतीला लागून, मोगऱ्याची आठ झुडपे आहेत. त्यांत बटमोगरा आहे, हजारी मोगरा आहे आणि लांबट कळीचा मदनबाणही आहे. सकाळच्या वेळी काल रात्रीची फुले पानांत अडकलेली किंवा खाली पडलेली दिसतात आणि आज संध्याकाळी उमलणाऱ्या कळ्या तांदळाच्या दाण्यासारख्या शुभ्र दिसू लागलेल्या असतात.

मोगरा उन्हाळ्यात फुलतो, पण त्याची तयारी हिवाळ्यात होते. मार्गशीर्षात त्याचे पाणी तोडले जाते. मोसंबीचा बहार धरणारा शेतकरी जे करतो, तेच येथे लहान प्रमाणात होते. त्याला ताण देणे म्हणतात. पाने पिवळी पडतात, गळतात, झुडूप रोडावते. अजाण माणसाला ते मरणपंथाला लागलेले वाटते. पौषाच्या अखेरीस छाटणी होते, बुडाची माती हलवून शेणखत दिले जाते आणि मग पुन्हा पाणी सुरू होते. थांबवून धरलेली सारी शक्ती नव्या फुटीत येते आणि मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकालाच लागते. वर्षभर भरपूर पाणी मिळालेला मोगरा हिरवागार दिसतो, पण फुले मोजकीच देतो. शेजारच्या एका अंगणात असा मोगरा आहे. पानांनी गच्च आणि कळ्यांनी रिकामा.

ताण किती द्यावा, हा खरा प्रश्न आहे. काळ्या मातीत ओल टिकते, म्हणून ताण लांबवावा लागतो. पांढरीत तो लवकर आवरावा लागतो. आजींचे गमक साधे आहे. दुपारी मान टाकलेले झाड संध्याकाळी सावरले, तर तो ताण समजावा. दुसऱ्या दिवशी पहाटेही मान खालीच असेल, तर ते संकट आहे आणि पाणी तत्काळ दिले पाहिजे. म्हणून बागेची पाहणी त्या दुपारी करीत नाहीत. दुपारी सगळीच झाडे दीनवाणी दिसतात; खरे काय ते पहाटे कळते.

हा मोगरा आपल्याकडचा, पण त्याचे नाते दूरवर आहे. फिलिपिन्स देशाने १९३४ मध्ये त्याला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला. इंडोनेशियाच्या राष्ट्रीय पुष्पांतही त्याची गणना होते. चीनमध्ये चहाच्या पानांना त्याच्या फुलांचा सुगंध देतात आणि तो चहा जगभर विकला जातो.

दूरदेशीचे रहिवासी

मोगऱ्याच्या वाफ्यापुढे पाऊलवाट डावीकडे वळते आणि खुरचाफा समोर येतो. या दिवसांत त्याच्या अंगावर पाने जवळजवळ नसतात. करड्या, जाड, बोथट फांद्या आणि त्यांच्या टोकांवर पांढऱ्या फुलांचे पिवळ्या गाभ्याचे झुबके. पान टाकून झाड पाणी वाचवते आणि उरलेले फुलांना देते. चाफ्याची फांदी मोडली तर पांढरा चीक येतो, म्हणून मुलांना तिला हात लावू देत नाहीत. या फुलात मध नसतो. रात्री येणारे पतंग त्याच्या वासाने फसतात, फुलामागून फूल धुंडाळतात आणि त्यांच्याबरोबर पराग फिरतो. सौदा एकतर्फी आहे, असे घरातील नातवाचे मत पडले, तेव्हा आजी एवढेच म्हणाल्या, "असे गिऱ्हाईक एकदाच येते रे, पण चाफ्याला एकदाच पुरते."

देवळाच्या अंगणात हमखास दिसणारा हा चाफा मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. बागेत पुढे पाहिले तर असे रहिवासी पुष्कळ निघतात. विटांच्या कडेने लावलेली सदाफुली मादागास्कर बेटावरची. दसऱ्या-दिवाळीला ज्याच्याशिवाय दुकानाच्या दाराला तोरण लागत नाही, तो झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. मागच्या भिंतीवर चढलेली बोगनवेल ब्राझीलची. १७६६ ते १७६९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या बुगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचे नाव तिला मिळाले. पेठेतील कित्येक घराणी मूळची दूरची, येथे येऊन येथली झाली. बागेचेही तसेच आहे. आज झेंडूला परका म्हटले तर कोणाला खरे वाटणार नाही.

बोगनवेलीविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. तिचे जे गर्द गुलाबी दिसते, ते फूल नसून रंगीत पाने आहेत. खरे फूल त्या तीन पानांच्या मध्ये असलेली लहानशी पांढरी नळी. या वेलीलाही ताण मानवतो. ऊन भरपूर आणि पाणी बेताचे असेल, तर ती रंगाने झाकून जाते. रोज पाणी घातले तर पानेच वाढवते. परसातील बोगनवेलीला उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पाणी मिळते आणि भिंतीवरचा सर्वांत मोठा रंग तिचाच असतो.

सदाफुलीची गोष्ट वेगळी. कोणी लावो न लावो, ती विटेच्या सांध्यातही उगवते. तिच्यातील द्रव्यांपासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे तयार झाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात त्यांतील पहिल्याचा मोठा वाटा आहे. ती औषधे प्रयोगशाळेत शुद्ध करून, मोजून दिली जातात. घरी सदाफुलीची पाने चघळणे किंवा काढा करणे घातक ठरू शकते, कारण ती विषारी आहेत. कुंपणाकडची कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी. म्हणून ती मुलांच्या हाताबाहेर, आडापलीकडे लावलेली आहे.

आडाजवळच्या कमानीवर मधुमालती आहे. तिची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात आणि नंतर लाल. त्यामुळे एकाच घोसात तीन दिवसांची फुले एकत्र दिसतात. पांढऱ्यावर रात्रीचे पतंग येतात. गुलाबी-लाल फुलांवर दिवसा माश्या आणि शिंजीर येतात. शिंजीर नराचा निळा-जांभळा रंग चैत्रात सर्वाधिक झळाळतो, कारण हे त्याचे विणीचे दिवस. कमानीच्या एका बारीक फांदीला त्याच्या जोडीने कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेले पिशवीसारखे घरटे टांगले आहे. ते रिकामे होईपर्यंत कमानीची छाटणी होणार नाही, असे घरात ठरलेले आहे.

पाण्याचा रोजमेळ

फुलांची ही फेरी आडापाशी येऊन थांबते, कारण येथेच बागेचा खरा हिशेब आहे. आडाच्या कट्ट्याजवळ भिंतीवर खडूने रोजमेळ लिहिलेला असतो. कुंड्या २६, प्रत्येकी रोज एक लिटर, म्हणजे २६ लिटर. मोगऱ्याची ८ झुडपे, प्रत्येकी सहा लिटर, तिसऱ्या दिवशी. रोजचे सरासरी १६ लिटर. जास्वंद आणि गुलाब मिळून ६, प्रत्येकी चार लिटर, एकाआड एक दिवस. सरासरी १२ लिटर. सोनचाफ्याला आठवड्यातून एकदा ४२ लिटर, रोजचे ६. एकूण ६० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या. ६८ दिवसांचे ४,०८० लिटर होतात. पाच हजार लिटरच्या एका टँकरहून हे कमी आहे.

वर्षीतप करणाऱ्याचा एक दिवस उपवास, एक दिवस आहार असा क्रम असतो. गुलाब-जास्वंदीला एकाआड एक पाणी देताना सूनबाई त्याला हसून "बागेचे एकांतर" म्हणतात. गंमत सोडली तर त्यामागे विचार आहे. जैन दृष्टीने पाणी हे केवळ वस्तू नव्हे. अप्काय म्हणजे जलरूप जीव मानले जातात. गाळून घेणे, गरजेपुरते घेणे आणि सांडू न देणे हा संस्कार लहानपणीच होतो. मारवाडातील टाक्यांत पावसाचे पाणी वर्षभर पुरवणाऱ्या पूर्वजांची सवय आणि हा संस्कार मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एकत्र कामाला येतात.

चार बादल्यांपैकी दोन स्वयंपाकघरातून येतात: तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी. साबणाचे पाणी बागेत येत नाही. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी फरशी पुसण्यास वापरतात. त्यात क्षार अधिक असल्याने कुंड्यांना ते देत नाहीत. उरलेल्या दोन बादल्या आडातून. पाणी सूर्योदयाला किंवा सूर्यास्तानंतर घातले जाते, बुडाशी वाळल्या पानांचे जाड आच्छादन असते आणि गुलाबाच्या मुळाशी तळाला बारीक छिद्र पाडलेली जुनी मडकी पुरलेली आहेत. मडक्यात ओतलेले पाणी थेंबाथेंबाने मुळांपर्यंत पोहोचते. वर उन्हाला काहीच मिळत नाही.

या हिशेबाची किंमत या भागाला एकदा पुरेपूर कळली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. त्या उन्हाळ्यात हदगावच्या या परसातील आडही तळाला गेला होता. आजींनी तेव्हा कुंड्यांचे पाणी थांबवले आणि सुकलेल्या कुंड्या एकावर एक रचून ठेवल्या. मोगऱ्याला आठवड्यातून एकदा आणि सोनचाफ्याला दहा दिवसांतून एकदा पाणी मिळाले. शेवंतीची रोपे आणि दोन जुने गुलाब गेले. पाखरांसाठी निंबाला टांगलेले मातीचे परळ मात्र एकही दिवस कोरडे राहिले नाहीत. त्या वर्षी मोगरा फुलला नाही, पण जगला. ताण आणि दुष्काळ यांतील अंतर त्या उन्हाळ्याने दाखवून दिले. ताण माणूस देतो आणि वेळ येताच मागे घेतो. दुष्काळ मागे घेणे माणसाच्या हाती नसते.

गोदाम आणि सोनचाफा

आडाच्या पलीकडे सोनचाफा आहे, बागेतील सर्वांत जुने झाड. त्याची पिवळी फुले पानांआड दडलेली असतात; ती दिसण्याआधी वास येतो. तीन वर्षांपूर्वी हे झाड धोक्यात आले होते. पेठेतील जागेचे भाव वाढले होते, हंगामात माल ठेवायला जागा अपुरी पडत होती आणि थोरल्या मुलाने परसात गोदाम बांधण्याचा विचार मांडला. विचार अव्यवहारी नव्हता. बाहेर भाड्याने घेतलेल्या गोदामाचे भाडे दरवर्षी वाढत होते आणि परसातील जमीन एक पैसाही देत नव्हती.

"आई, फुलांवर घर चालत नाही," असे मुलगा म्हणाला. त्यावर आजींनी वाद घातला नाही. त्यांनी पाण्याचा हिशेब पुढे ठेवला. पावसाचा एक मिलिमीटर एक चौरस मीटर छतावर पडला, तर एक लिटर पाणी मिळते. गोदामाचे छत साठ चौरस मीटर धरले, तर सत्तर मिलिमीटरच्या एका चांगल्या पावसात ४,२०० लिटर जमा होतात. बागेचा संपूर्ण उन्हाळा ४,०८० लिटरचा. नांदेड जिल्ह्याचा पाऊस वर्षाला सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास आहे. त्यातला तिसरा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी त्या छतावरून ३६,००० लिटर मिळू शकतात. गोदाम बांधावे, पण त्याचे पाणी गटारात न जाता गाळणीतून आडात यावे, भिंत सोनचाफ्यापासून पाच फूट सरकावी आणि उरलेल्या परसात फरशी बसवू नये, एवढ्याच त्यांच्या अटी होत्या.

गोदाम बांधले गेले. बागेचा जवळजवळ अर्धा भाग त्यात गेला. जुईचा मांडव आणि लिंबाचे झाड गेले, आणि ते दुःख घरात अजून बोलले जाते. लिंबाच्या पानांवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या आता कढीपत्त्यावर दिसतात. परंतु पूर्वी चैत्रातच खोल जाणारे आडाचे पाणी गेल्या दोन उन्हाळ्यांत वैशाखापर्यंत हाताशी राहिले. मुलगा आता पावसाळ्यापूर्वी गोदामाचे छत स्वतः झाडून घेतो. पेठेत ज्यांना परसात बांधकाम करायचे आहे, ते या गाळणीची रचना पाहण्यास येतात: एक जुना पिंप, त्यात तळापासून मोठे दगड, खडी आणि वाळू, आणि पहिल्या पावसाचे मळके पाणी बाहेर सोडण्यासाठी एक वेगळी तोटी.

तोडावे की वेचावे

फुलबाग राखणाऱ्या जैन घराला एक प्रश्न टाळता येत नाही. झाड हे एकेंद्रिय जीव. मग फूल तोडावे काय? समाजातील परंपरा येथे वेगवेगळ्या आहेत. श्वेतांबर मूर्तिपूजकांच्या अष्टप्रकारी पूजेत पुष्पपूजा आहे. स्थानकवासी आणि तेरापंथी परंपरेत मूर्तिपूजाच नाही. दिगंबरांत बीसपंथी फुले वाहतात, तर तेरापंथी आम्नायात फुलांऐवजी केशरी अक्षता वाहण्याची रीत आहे. कोणत्याही एका परंपरेचा आग्रह न धरता या घराने आपल्यापुरता नियम केला आहे: वेचलेले फूल सर्वांचे, तोडायचे फूल विचारून आणि मोजून.

हा नियम ऐकायला कडक वाटतो, पण त्याने काही अडत नाही. चाफा आणि मोगरा सकाळी स्वतःच फुले खाली सोडतात. ती एका पसरट पितळी भांड्यात पाणी घालून ओसरीवर ठेवली की दुपारपर्यंत वास दरवळतो. शेजारच्या घरी गणपतीला जास्वंद लागते, तेथील मुलगी "आजी, दोन घेऊ?" असे विचारते आणि दोनच नेते.

अडचण येते ती किडीची. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडतो, गुलाबावर मावा येतो आणि विषारी फवारणी या घराला मान्य नाही. हा पेच पूर्ण सुटलेला नाही. झाडांत अंतर ठेवणे, खत बेताने देणे आणि फांद्यांत वारा खेळता ठेवणे यांनी किडीचा उपद्रव कमी होतो. तरीही कीड आलीच, तर ती फांदी कापून बागेच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवली जाते. त्यासाठी काही फुले गमवावी लागतात आणि घराने ती तूट मान्य केली आहे.

फवारणी नसल्याचा लाभ माश्यांना होतो. मधुमालतीच्या दाट फांद्यांत फुलोरी माशीचे तळहाताएवढे पोळे आहे. या घरात मध वर्ज्य, त्यामुळे पोळ्याला कोणी हात लावीत नाही. भुंगा मात्र पोळे करीत नाही; तो जुन्या लाकडी खांबात बीळ करून राहतो आणि सकाळी गोकर्णाच्या निळ्या फुलांवर येतो. दशवैकालिक सूत्राच्या पहिल्या अध्ययनाचे नाव द्रुमपुष्पिका आहे. साधूने गोचरी कशी घ्यावी हे सांगताना त्यात भ्रमराचा दृष्टांत दिला आहे: तो फुलाला पीडा न देता थोडे थोडे घेतो आणि स्वतःला तृप्त करतो. तो दृष्टांत व्याख्यानात पुष्कळांनी ऐकलेला असतो. चैत्रातील सकाळी गोकर्णापाशी पाच मिनिटे उभे राहिले, की तो डोळ्यांसमोर घडताना दिसतो. भुंगा एका फुलावर बसतो, निघून जातो आणि फूल तसेच असते.

संध्याकाळी

आठ वाजता ऊन भिंतीवरून खाली उतरते आणि फेरी संपते. दिवसा बाग पाहण्यासारखी नसते. पारा चाळिशीकडे गेलेला असतो, पाने मिटून बसतात, निंबाखाली फक्त साळुंक्या आणि बुलबुल पाण्याच्या परळापाशी येतात. सूर्यास्तानंतर परस पुन्हा जागे होते. चौविहार करणाऱ्यांची जेवणे दिवस असतानाच आटोपलेली असतात, त्यामुळे घरातील सारी माणसे थोडा वेळ मोकळी असतात. दुकानातून मुलगा येतो, नातवंडे आडाच्या कट्ट्यावर बसतात.

आजी झारी घेऊन मोगऱ्याकडे जातात. आज तिसरा दिवस, म्हणजे पाण्याचा दिवस. आठ झुडपे, प्रत्येकी सहा लिटर. कोरड्या मातीवर पहिले पाणी पडताच तिचा वास उठतो, आणि त्यामागोमाग मोगऱ्याचा, कारण कळ्या उमलू लागलेल्या असतात. नातू भिंतीवरील खडूचा आकडा पुसून नवा लिहितो. मृगापर्यंतचे दिवस एकाने कमी होतात.